अप-डाऊनवाल्यांची ई-स्कूटर

लोणारला रेल्वे नाही. जिल्ह्याचे ठिकाण असलेले बुलढाणा नव्वद किलोमीटरच्या आसपास, जालनाही जवळपास तेवढेच दूर. शाळा, बँका, आरोग्य केंद्रे आणि तालुक्याच्या कचेऱ्या ज्या माणसांवर चालतात, त्यांतली बरीच माणसे रोज सकाळी दुसऱ्या गावाहून येतात आणि संध्याकाळी परत जातात. कुणी मेहकरला राहून लोणारला येतो, तर कुणी लोणारहून सुलतानपूर, बिबी, मंठा किंवा रिसोडच्या बाजूला जातो. आपल्याकडे याला ‘अप-डाऊन’ म्हणतात. बदलीच्या नोकरीत घर एका गावी आणि हजेरीपट दुसऱ्या गावी असणे ही नेहमीचीच गोष्ट, आणि तिचा खर्च महिन्याच्या पगारातून निमूटपणे जात असतो.

पेट्रोल २०२१ मध्ये शंभरीपार गेले आणि नंतर फारसे खाली आलेच नाही. तेव्हापासून चहाच्या टपरीपासून शिक्षकांच्या स्टाफरूमपर्यंत एक प्रश्न फिरतो आहे: इलेक्ट्रिक स्कूटर परवडते का? मोठ्या शहरांपुरते उत्तर जाहिरातींतून मिळते. तालुक्याच्या गावासाठी मात्र हा हिशेब कुणी सविस्तर मांडत नाही, म्हणून तो येथे मांडतो आहोत.

आधी पैशांचे पाहू. चांगल्या अवस्थेतली पेट्रोल स्कूटर लिटरमागे ४५ ते ५० किलोमीटर जाते. पेट्रोल १०५ रुपयांच्या आसपास धरले तर एका किलोमीटरला साधारण सव्वादोन रुपये पडतात. ई-स्कूटरला शंभर किलोमीटरसाठी, चार्जिंगमध्ये वाया जाणारी वीज धरूनही, साडेतीन युनिटच्या आसपास वीज पुरते. महावितरणचा घरगुती दर पहिल्या १०० युनिटांपर्यंत कमी असतो आणि त्यापुढे जवळपास दुप्पट होतो. स्कूटर आल्यावर घराचा वापर हमखास शंभराच्या वर जाणार, म्हणून स्वस्त दर धरण्यात अर्थ नाही. युनिटमागे १२-१३ रुपये धरा. तरी किलोमीटरचा खर्च ४५ पैशांच्या आसपासच राहतो. म्हणजे किलोमीटरमागे सुमारे पावणेदोन रुपयांची बचत. हा आकडा लक्षात ठेवावा, कारण पुढचे सगळे त्याच्यावरच ठरते.

आता किमतीतला फरक. नोंदणी, विमा सगळे धरून चांगली ई-स्कूटर आज एक लाख ते दीड लाखापर्यंत जाते, तर ११० सीसीची पेट्रोल स्कूटर लाखाच्या आत मिळते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या पेट्रोल दुचाकींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. ई-वाहनांवर तो ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के आहे. त्यामुळे पेट्रोल गाड्या स्वस्त झाल्या आणि दोघींतले अंतर पुन्हा वाढले. केंद्राचे अनुदान दुसऱ्या बाजूने आटत गेले. जून २०२१ नंतर ‘फेम-२’ या योजनेत बॅटरीच्या प्रत्येक किलोवॅट-अवरमागे १५ हजार रुपये मिळत होते. जून २०२३ मध्ये ते १० हजारांवर आले, २०२४ मध्ये ५ हजारांवर आणि ‘पीएम ई-ड्राइव्ह’मध्ये एप्रिल २०२५ पासून अडीच हजारांवर. तेही एका गाडीला जास्तीत जास्त पाच हजार. (किलोवॅट-अवर म्हणजे आपल्या वीजबिलातला एक युनिटच.) राज्याच्या २०२५ च्या ई-वाहन धोरणात दुचाकीच्या किमतीच्या दहा टक्के, कमाल दहा हजार रुपयांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. पण जे अनुदान विक्रेत्याच्या बिलात वजा झालेले दिसत नाही, ते हिशेबात धरू नये. किमतीतला फरक आपण ३५ हजार मानू.

लोणारहून मेहकरला जाऊन-येऊन पन्नास किलोमीटरच्या आसपास पडतात. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर वर्षाला १५ हजार किलोमीटर होतात. पावणेदोन रुपयांनी बचत २६ हजार. म्हणजे जास्तीचे ३५ हजार दीड वर्षाच्या आत वसूल. पाच वर्षांत बचत सव्वा लाखाच्या पुढे जाते. त्यातून किमतीतला फरक वजा केला आणि त्याच काळात बॅटरी बदलावी लागली असे मानून आणखी ६५ हजार वजा केले, तरी तीसेक हजार हातात उरतात. बॅटरी टिकली तर ९० हजारांहून जास्त. इंजिन ऑइल, क्लच, एअर फिल्टर यांवरचा खर्च यात अजून धरलेलाच नाही, आणि तोही वाचतो.

आता लोणारातच राहणाऱ्या आणि लोणारातच दुकान असणाऱ्या माणसाचे पाहू. घर, दुकान, बाजार, मुलांची शाळा मिळून दिवसाला पाच-सहा किलोमीटर, वर्षाला दोन हजार. त्याची बचत साडेतीन हजार रुपये. पाच वर्षांत साडेसतरा हजार. किमतीतला फरकही भरून निघत नाही. आवाज नाही, धूर नाही, चालवायला हलकी, एवढ्यासाठी कुणाला ती घ्यायची असेल तर अवश्य घ्यावी. पण पैसे वाचतील म्हणून घेत असेल तर तो फसेल. फरकाचे ३५ हजार वसूल व्हायला वीस हजार किलोमीटर लागतात. पाच वर्षांत तेवढे चालणार नसेल, म्हणजे रोजचे बारा-पंधरा किलोमीटरही होत नसतील, तर घरातली जुनी पेट्रोल गाडीच चालू ठेवावी.

यातून दिसणारी गोष्ट थोडी अनपेक्षित आहे. ई-स्कूटर ही शहराची वस्तू आहे असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात पैशांच्या दृष्टीने ती सर्वांत जास्त उपयोगाची आहे ती तालुक्याच्या रस्त्यावर रोज लांब जाणाऱ्या माणसाला. शिवाय त्याच्याकडे शहरातल्या माणसाकडे नसलेली एक सोय आहे. पुण्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला पार्किंगमध्ये प्लग हवा असेल तर सोसायटीची परवानगी, स्वतंत्र मीटर, केबल अशी यातायात करावी लागते. लोणारात स्कूटर ओसरीत किंवा अंगणातल्या पत्र्याखाली उभी राहते आणि भिंतीतला सॉकेट हाताच्या अंतरावर असतो. सार्वजनिक चार्जिंग स्टेशन नाही म्हणून इथे फारसे अडत नाही. रात्री लावली, सकाळी निघाली.

अडते ते बॅटरीच्या आकारापाशी. जाहिरातीतली रेंज ही प्रयोगशाळेतल्या ठरावीक चक्रावर मोजलेली असते. रस्त्यावर तिचा पाऊण हिस्सा मिळाला तरी पुष्कळ. ३ युनिटची बॅटरी पूर्ण भरून लोणारहून निघालेला माणूस ४५-५० च्या वेगाने मेहकरला पोचला, तर बॅटरीचा पाव हिस्सा खर्ची पडलेला असतो. मागे कुणी बसलेले आहे, वेग ६५ आहे आणि समोरून वारा आहे असे असेल तर तिसरा हिस्सा. परतीलाही तेवढाच. म्हणजे नव्या गाडीत घरी येईपर्यंत निम्मी ते तिसरा हिस्सा बॅटरी शिल्लक राहते. पण चार-पाच वर्षांनी बॅटरीची क्षमता वीस-तीस टक्क्यांनी उतरते, आणि तेव्हा हीच शिल्लक उपयोगी पडते. दोन-सव्वादोन युनिटची स्वस्त गाडी पहिल्या वर्षी हा प्रवास करून दाखवेल. चौथ्या वर्षी सुलतानपूरच्या अलीकडे काटा लाल झालेला पाहून चालवणाऱ्याच्या पोटात गोळा येईल. मेहकरचे अप-डाऊन असेल तर तीन युनिटच्या खाली जाऊ नये. रोज ऐंशी-शंभर किलोमीटर जाणाऱ्याने सध्या पेट्रोल मोटारसायकलवरच राहावे. समृद्धी महामार्ग मेहकरजवळून जात असला तरी त्याचा इथे काही उपयोग नाही, कारण त्यावर दुचाकीला बंदी आहे.

उन्हाळ्याचेही पाहावे लागते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो. लिथियम बॅटरीला उष्णता मानवत नाही. गाडी दिवसभर शाळेच्या मैदानात उन्हात उभी आणि घरी येताच तापल्या बॅटरीला लगेच चार्जर, असे रोज झाले तर तिचे आयुष्य कमी होते. सावली शोधावी, घरी आल्यावर तासभर गाडी निवू द्यावी आणि रात्री उशिरा चार्जिंगला लावावी. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात अनेक ठिकाणी ई-स्कूटर पेटल्या, पुण्यातही पेटली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा मुलगा दगावला. उन्हाळ्यातल्या आगींनंतर केंद्राने बॅटरीच्या सुरक्षेचे ‘एआयएस-१५६’ हे मानक कडक केले आणि ते डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केले. घ्यायची गाडी त्यानंतरच्या बनावटीची असावी. जुनी, दुसऱ्याची वापरलेली बॅटरी स्वस्तात मिळते म्हणून घरात आणू नये. चार्जिंगसाठी खिडकीतून ओढलेली एक्स्टेन्शनची वायर वापरू नये. १६ अँपिअरचा सॉकेट आणि खरी अर्थिंग हवी. आपल्याकडच्या जुन्या घरांत अर्थिंगची तार पुष्कळदा नुसती शोभेची असते. गाडी घेण्याआधी वायरमनला बोलावून ती तपासून घेतली, तर चारशे-पाचशे रुपयांत मोठा धोका टळतो.

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. ‘लायसन्स नको, आरटीओ नको, विमा नको’ असे फलक लावून तालुक्याच्या गावांत ई-स्कूटर विकल्या जातात. किंमत पन्नास-साठ हजार, म्हणून गिऱ्हाईकही मिळते. कायद्यात अशी सवलत खरोखर आहे, पण तिच्या अटी स्पष्ट आहेत: मोटार २५० वॅटपेक्षा जास्त शक्तीची नसावी, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत असावा, बॅटरी वगळून वजन ६० किलोच्या आत असावे आणि पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेने तो नमुना तपासून मंजूर केलेला असावा. एवढे पाळले तरच ते वाहन कायद्याच्या भाषेत ‘मोटार वाहन’ ठरत नाही. व्यवहारात काय होते? विक्रेता सांगतो, ‘एक वायर काढली की चाळीसने पळते.’ ती वायर काढली त्या क्षणी ते वाहन बिगरनोंदणी, बिगरविम्याचे मोटार वाहन झाले. राज्याच्या परिवहन विभागाला २०२२ मध्ये अशा बदल केलेल्या गाड्यांविरुद्ध मोहीम काढावी लागली होती.

दंडाची रक्कम ही यातली लहान गोष्ट आहे. नोंदणी नसेल तर पाच हजारांपर्यंत, परवाना नसेल तर पाच हजार, विमा नसेल तर दोन हजार. ते भरून माणूस सुटतो. पण अशा गाडीने एखादा वृद्ध माणूस किंवा शाळेतून सुटलेले पोर जखमी झाले, तर नुकसानभरपाई द्यायला विमा कंपनी उभी राहणार नाही. न्यायाधिकरणाने जी रक्कम ठरवली ती गाडीमालकाला स्वतःच्या खिशातून भरावी लागेल. कोरडवाहू पाच एकरांच्या घराला तो धक्का कसा सोसेल, हे ‘वायर काढा’ म्हणणारा विक्रेता सांगत नाही. मुलगा अल्पवयीन असेल आणि वाहन मोटार वाहन ठरले, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दहावी-अकरावीच्या मुलामुलींच्या हाती या गाड्या देणाऱ्या आईवडिलांनी एवढे तरी वाचावे.

आणि अटी पाळल्या तरीसुद्धा २५ च्या वेगाची गाडी मेहकर रस्त्यावर न्यावी का? मागून उसाचा ट्रक, काळी-पिवळी आणि ऐंशीच्या वेगाने येणारी चारचाकी असताना कडेने पंचवीसने सरकणारी दुचाकी हा जीवावरचा खेळ आहे. गावातल्या गावात दळण, किराणा आणि मंदिर एवढ्यासाठी ती ठीक. शिवाय यांतल्या कितीतरी गाड्यांत शिशाच्या बॅटऱ्या असतात. त्या दीड-दोन वर्षांत बसतात आणि मग भंगारवाल्याकडे जातात. तिथे आम्ल जमिनीवर ओतून शिसे काढले जाते. ज्या गावाच्या कुशीत उल्कापाताने घडलेले, नोव्हेंबर २०२० पासून रामसर यादीत असलेले सरोवर आहे, त्या गावात ही गोष्ट हलक्याने घेण्याजोगी नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. नव्या बॅटरीच्या वेळी जुनी विक्रेत्याच्याच हाती द्यावी आणि तिची पावती मागावी.

तेव्हा कामावर जाण्यासाठी ई-स्कूटर घ्यायची तर रीतसर नोंदणीची, हिरव्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत ‘एमएच २८’ लिहिलेलीच घ्यावी. ऑगस्ट २०२१ पासून ई-वाहनांना नोंदणी प्रमाणपत्राचे शुल्क माफ आहे. तृतीय पक्ष विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सवलत आहे. कायद्यात राहण्याचा खर्च कमीच आहे.

सर्व्हिसचा प्रश्न मात्र खरा आहे. पेट्रोल गाडी रस्त्यात बंद पडली तर कुठल्याही फाट्यावरचा मिस्त्री प्लग साफ करून, केबल बांधून ती अर्ध्या तासात चालू करतो. ई-स्कूटरचा कंट्रोलर बिघडला तर तो मिस्त्री हात टेकतो आणि गाडी टेम्पोत घालून न्यावी लागते. नुसती विक्री वाढवून सर्व्हिस मागे ठेवली की काय होते हे देशाने पाहिले आहे. सप्टेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२४ या वर्षभरात राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर एकट्या ओला इलेक्ट्रिकविरुद्ध १०,६४४ तक्रारी आल्या आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कंपनीला नोटीस बजावली. त्यातल्या ९९ टक्के तक्रारी सोडवल्याचे कंपनीने नंतर सांगितले. पण ज्याची नोकरीच अप-डाऊनची आहे, त्याची गाडी पंधरा दिवस पार्टची वाट पाहत उभी राहिली तर वर्षाची बचत एसटीत आणि रजेतच जाते.

म्हणून गाडीचा रंग आणि स्क्रीन पाहण्याआधी तीस किलोमीटरच्या आत त्या कंपनीचे सर्व्हिस केंद्र आहे का ते पाहावे, आणि तिथे प्रत्यक्ष जाऊन उभ्या असलेल्या गाड्या किती दिवसांपासून उभ्या आहेत ते मालकांना विचारावे. ज्या कंपन्यांची पेट्रोल गाड्यांची जुनी विक्रेता साखळी आहे, त्यांचा इथे वरचष्मा आहे. चेतक आणि लुना ही १९७२ पासून महाराष्ट्राच्या घराघरांत रुजलेली दोन नावे. चेतक २०२० मध्ये आणि लुना २०२४ मध्ये विजेवर परत आली. नावाचा जिव्हाळा समजण्यासारखा आहे, पण निर्णय मेहकरच्या वर्कशॉपमध्ये जाऊनच घ्यावा. बॅटरीची वॉरंटी बहुतेक ठिकाणी तीन वर्षांची, किलोमीटरची मर्यादा तीस ते पन्नास हजार. वर्षाला पंधरा हजार किलोमीटर जाणाऱ्याची तीस हजारांची मर्यादा दोन वर्षांतच संपते. थोडे जास्त पैसे देऊन आठ वर्षांपर्यंतची वाढीव वॉरंटी मिळत असेल तर अप-डाऊनवाल्याने ती घ्यावीच.

पर्यावरणाचे दोन शब्द. आपली वीज अजून मुख्यतः कोळशाचीच आहे, शेजारच्या अकोला जिल्ह्यात पारसला ती कशी तयार होते हे सर्वांना दिसते. तरीही शंभर किलोमीटरला ई-स्कूटरमुळे अडीच किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, पेट्रोल स्कूटरमुळे पाच किलोच्या आसपास. म्हणजे निम्मा. छतावर सौर पॅनेल असेल तर त्याहून कितीतरी कमी. एक किलोवॅटचे पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देते आणि मेहकरच्या फेरीला दोनही लागत नाहीत. ‘पीएम सूर्यघर’ योजनेतून दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार रुपये अनुदान मिळते. ज्यांच्या घरावर पक्का स्लॅब आहे त्यांनी दोन्हींचा एकत्र विचार करावा.

एसटीला विसरून चालणार नाही. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धे तिकीट आहे. मेहकर-लोणार जाण्यायेण्याला त्यांचे चाळीस-पन्नास रुपयांत भागते, लाखाची गुंतवणूक नाही, पंक्चर नाही, पावसाची भीती नाही. जिला एसटीची वेळ जुळते त्या शिक्षिकेला आम्ही स्कूटर घ्या असे सांगणार नाही. अडचण वेळेचीच आहे. शाळा सुटल्यावर गाडी तासाभराने, आणि तीही भरलेली, असे असते म्हणून माणसे स्वतःच्या दुचाकीकडे वळतात.

एक गोष्ट अगदी कमी खर्चात होण्यासारखी आहे आणि ती ग्राहकाच्या हातात नाही. कामाच्या ठिकाणी चार्जिंगचा एक सॉकेट मिळाला तर माणसाला जाण्यापुरती बॅटरी पुरते, परतीची काळजी उरत नाही. दोन युनिटची स्वस्त गाडीही मग मेहकरच्या वाटेवर चालते, आणि पंधरा-वीस हजार रुपये कमी पगाराच्या माणसाच्या खिशात राहतात. एका माणसाला दिवसभरात लागणारी वीज फार तर एक युनिट, म्हणजे बारा-तेरा रुपये. ते पैसे कर्मचारी आनंदाने भरेल. सावलीची शेड, १६ अँपिअरचे चार-सहा सॉकेट, अर्थिंग आणि एक वेगळा मीटर एवढेच लागते.

लोणार नगर परिषद, पंचायत समिती, तहसील कार्यालय, ग्रामीण रुग्णालय आणि तालुक्यातल्या शाळांच्या व्यवस्थापनांना आमची विनंती आहे की येत्या उन्हाळ्याआधी आपल्या आवारात एवढी सोय करावी. नगर परिषदेने सुरुवात बस स्थानकाजवळच्या वाहनतळापासून करावी. बाहेरगावहून येणारे बरेच लोक गाडी तिथेच लावतात.